केतकीचा गणपती

माझा भाऊ केशवराव देवभोळा वगैरे काही नाही. देवाच्या नावाने घराला धाकात ठेवणारा माणूस आहे तो. मी त्याची सख्खी बहीण सुलभा, हैदराबादेत काचीगुड्याच्या याच घरात बासष्ट वर्षं काढलेली, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे. मी सतरा वर्षांची असताना त्याने माझं नाटकात काम करणं बंद केलं आणि मी गप्प बसले. त्याची मुलगी केतकी गप्प बसणाऱ्यातली नाही.

पोरीच्या हातात उपजत कसब. माणूस समोर बसला की दहा मिनिटांत कोळशाने कागदावर उतरवायची. "काढायचं तर देव काढ," हे दादाचं पालुपद. तिला माणसंच काढायची होती. बडोद्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात मुलाखत मिळाली, सोबत अठरा चित्रं न्यायची होती. त्यासाठी आमच्याकडे भांडी घासणारी चतुराबाई तिच्यासमोर बसली. उघडी पाठ, ओघळलेली छाती, भेगाळलेल्या टाचा. चित्रं बघून चतुराबाई म्हणाली, "हौ माय, मीच की! इतकं निगुतीनं कुनी बघितलंच नव्हतं मला."

मुलाखतीच्या चार दिवस आधी ती चित्रं दादाच्या हाती लागली.

"दत्तमहाराजांच्या घरात नागडी बाई! तीही मोलकरीण!" तो ओरडला. तरी त्याने चित्रं जाळली नाहीत. कागद म्हणजे सरस्वती, तो जाळायचा नाही, पाण्यात सोडायचा, असा त्याचा नेम. मुशी नदीचं पाणी त्याच्या सोवळ्यात बसत नाही. म्हणून धुण्याच्या टबात अठराच्या अठरा कागद बुडवले, स्वतःच्या हातांनी कालवले आणि मला म्हणाला, "उद्या कढीपत्त्याच्या आळ्यात ओतून टाक."

केतकी रडली नाही. टबाजवळ उकिडवी बसून राखाडी लगदा मुठीत दाबत राहिली. मुलाखत बुडाली, वर्ष गेलं, हे तिला तिथेच कळलं होतं.

"आत्या, ये फेकना नक्को," ती म्हणाली. "बाबांना देव पाहिजे ना? देते."

माझ्या अंगावर काटा आला आणि खरं सांगते, आनंदही झाला. बेगम बाजारातून डिंक आणि खडूची भुकटी मीच आणली. महिनाभर ती गच्चीवरच्या खोलीत गणपती घडवत होती. वरून शाडूचा पातळ थर दिला, रंगवला.

दादा हरखून गेला. मूर्ती उचलताना म्हणाला, "हलकी आहे गं. आतून पोकळ ठेवलीस? हुशार आहेस." पोरगी वळणावर आली, असं भजनी मंडळात सांगत सुटला. गणेशचतुर्थीला प्राणप्रतिष्ठा त्यानेच केली. मग रोज दोन्ही वेळा साष्टांग नमस्कार. चतुराबाईला मात्र प्रसाद उंबऱ्याबाहेर, वरून टाकलेला. केतकी सगळं बघत होती.

शेवटच्या दिवशी विसर्जनाच्या आरतीला अख्खं मंडळ जमलं. दादाने तबक हातात घेतलं. "बघा, माझ्या मुलीचे हात देवाच्या कामी लागले."

केतकी पुढे झाली. "बाबा, ही मूर्ती शाडूची नाही. आत माझी अठरा चित्रं आहेत, तुम्हीच कालवलेली. दहा दिवस तुम्ही चतुराबाईच्या पाया पडताय."

झांजा थांबल्या.

"खोटं बोलतेस," दादा म्हणाला.

"आत्याला विचारा."

"खरं आहे," मी म्हणाले. "डिंक मी आणला." पंचेचाळीस वर्षांत इतकं गोड वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

त्याला मूर्ती फोडता येईना, त्यानेच तिच्यात प्राण घातले होते. आरती टाकून जाता येईना, मंडळ बघत होतं. त्याने डोळे घट्ट मिटले आणि फाटक्या आवाजात आरती सुरू केली. मला जराही दया आली नाही.

एवढ्यात चतुराबाई ओले हात पदराला पुसत आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. मूर्तीच्या शेजारी जाऊन सरळ उभी राहिली.

"बाबा," केतकी म्हणाली, "डोळे उघडा."

पुढची आरती दादाने डोळे उघडे ठेवून म्हटली.