जंत, जंतू आणि माझी बडबड

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळी टोकरखाड्यातल्या आमच्या गॅलरीत चहा घेऊन बसले होते आणि नेहमीसारखी तंद्री लागली होती... चहा गार झाला तरी पत्ता नाही.

मी इथल्या एका औषध कंपनीत क्यूसीला आहे. जंतांच्या गोळ्या तपासणं हे रोजचं काम. मध्ये कुठेतरी वाचलं, की अशी जुनी जंतांची औषधं टीबीवर चालतील का, हे लॅबमध्ये तपासतायत. झालं! मी हवेतच. आपली ही साधी गोळी, पोरं तोंड वाकडं करून चघळतात ती... आणि टीबी!

हे सगळं मी त्याआधीच्या रविवारी शेजारच्या शोभाताईंना ऐकवलं होतं. दादऱ्याला, वनगंगेच्या तळ्याकाठी, पाण्याकडे बघत बघत. शोभाताई धुळ्याकडच्या, धाग्याच्या कंपनीत कामाला. टीबीच्या औषधांचा त्यांचा चौथा महिना. मळमळतं, जेवण जात नाही, तरी नेटानं घेत होत्या बिचाऱ्या.

त्या इतकं मन लावून ऐकत होत्या की मला आणखीच चेव आला. सहा महिन्यांचा कोर्स एक दिवस सहा दिवसांवर येईल, काय नि काय... मी बोलतच सुटले.

तर गेल्या रविवारी, मी अशी गॅलरीत तंद्रीत असताना, ताई हसत हसत आल्या. वाटीत शेवभाजी. म्हणाल्या, चार दिवस झाले, जेवण मस्त जातंय! मी खूश. म्हटलं, मळमळ थांबली वाटतं?

"थांबणारच ना! त्या गोळ्याच बंद केल्या. मेडिकलमधून जंतची एक आणली, घेतली, छुट्टी! तूच बोलली ना?"

मी कप ठेवून उठलेच. म्हटलं, अहो ताई, जंत वेगळे, जंतू वेगळे!

"जंत काय न् जंतू काय, किडेच ना शेवटी!"

लॅबमधली काचेची बशी वेगळी आणि जिवंत माणूस वेगळा, एवढं एकच वाक्य सांगायचं मी विसरले होते...

सोमवारी रजा टाकली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या, मलाच. बरोबरच होतं. म्हणाल्या, थोडेच दिवस गेलेत म्हणून ठीक, असं अर्धवट सोडलं तर हेच जंतू पुढे या गोळ्यांना दाद देत नाहीत. औषधं त्याच दिवशी परत सुरू झाली. मळमळीवरही गोळी दिली, जी आम्ही दोघींनी आजवर मागितलीच नव्हती!

येताना रिक्षात मला रडूच फुटलं. ताईंनी माझा हात धरला. "रडू नको गं. तू सांगत होती ना, तेव्हा वाटलं, आपल्यासाठी पण कोणी तरी डोकं लावतंय..."

स्वप्नं बघणं काही माझ्याच्यानं सुटायचं नाही. ती गोळी खरंच कधीतरी टीबीच्या कामी येवो. पण सध्या रोज सकाळी ड्युटीआधी मी ताईंच्या दारात उभी राहते, आणि त्यांनी गोळ्यांवर पाण्याचा घोट घेतल्याशिवाय हलत नाही.

ताई, तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत... लवकर बऱ्या व्हा हो.