खाणीतला रुसवा

मी आयुष्यात एकदाच रुसलो, आणि तेही कोळशाच्या बंद पडलेल्या खाणीत.

रुसायला दुसरी जागाच नव्हती असं नाही. सासऱ्यांकडे ऐसपैस ओसरी होती, मागे चिंचेचं झाड होतं, गुरांचा कोठा होता. माझ्या थोरल्या भावाने तर आपल्या दिवाळसणाला अशाच एका कोठ्यात म्हशीशेजारी बसून रुसवा धरला होता आणि दिवस मावळायच्या आत सायकल कबूल करून घेतली होती. (दोघांपैकी रुसलंय कोण, हे ओळखायला सासरच्यांना जरा वेळ लागला, असं वहिनी सांगते.)

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. मी नागभीडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. शाळेची वाट धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांतून, जायची. पावसाळ्यात मी शाळेत पोचलो की पोरं आधी बादली आणायची आणि मग नमस्ते म्हणायची. म्हणून मला सायकल हवी होती. (गुडघाभर चिखलात सायकल चालणार कशी, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही!)

दिवाळसणाला निघताना दादाने मला बाजूला घेतलं.

"जेवाच्या येळेवर रुसाचं. भरल्या पोटाच्या मानसाले कोनी इचारत नाई. न बोलता उठाचं, बाजूले जाऊन बसाचं. मंग ते येतात, हात जोडतात."

"मंग सायकल म्हनाचं?"

"अबे, थांब! पयल्यांदा हात जोडले त निस्ती मान हालवाची. दुसऱ्यांदा जोडले का मंग सायकल. आन लय दूर जाऊ नोको. सापडला त रुसला, नाई सापडला त हरवला!"

यातलं सगळं मी घोकून पाठ केलं. शेवटचं वाक्य तेवढं आगगाडीच्या शिट्टीत राहून गेलं.

सासरी पोचलो त्याच संध्याकाळी शांताने, म्हणजे माझ्या बायकोने, मला विहिरीपाशी गाठलं. लग्नाला सहा-सात महिने झाले होते आणि त्यातले बरेचसे ती माहेरीच होती. ती मला फार आवडायची. हे तिला सांगायची सोय त्या काळी नव्हती, म्हणून मी नुसता तिच्याकडे पाहून हसलो. ती हसली नाही.

"तुमी रुसनार त नाई ना?"

"मी कायले रुसतो?"

"मोठे भाऊजी, माह्या बहिनीचे मालक, घड्याळीसाठी रुसले होते. जवाई जेवला नाई म्हून माही माय जेवली नाई. माय जेवली नाई म्हून बाबा जेवले नाई. तिसऱ्या दिवशी माय चुलीपाशीच भोवळ येऊन पडली. तुमी रुसले ना, त मी तुमच्या संगं नागभीडले येत नाई. इथीच राहीन, जलमभर!"

आता आली का पंचाईत! मला सायकल हवी होती आणि शांताही हवी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अख्खी दिवाळी मी फराळ करत विचार केला आणि शेवटी एक तोड काढली: मागायचं काहीच नाही, फक्त गप्प जाऊन बसायचं. त्याला रुसणं म्हणायचं की नाही, हे सासऱ्यांनी ठरवावं. ते आपणहून 'काय पाह्यजे' म्हणाले तर उत्तर देणं हा निव्वळ शिष्टाचार झाला!

संधी आली आवळीभोजनाला. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायचं म्हणून गावातली पाच-सहा घरं बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपून जंगलात निघाली. तळ्याच्या काठी आवळी होती आणि तिच्यामागे ती खाण. इंग्रजांनी कधीतरी कोळसा काढला, मग आत पाणी लागलं आणि ते सोडून गेले. उतरता बोगदा, गंजलेले रूळ आणि दाराशी माजलेली झुडपं एवढंच मागे राहिलं होतं.

आवळीखाली गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होते. वांग्याच्या भाजीचा वास थेट माझ्या निश्चयावर येत होता. मामी, म्हणजे सासूबाई, पत्रावळी मांडायला लागल्या. हीच ती वेळ! मी चेहरा गंभीर केला आणि उठलो. समजूत काढायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, मध्येच घसा कोरडा पडायला नको, म्हणून जवळच भरून ठेवलेला मामींचा पितळी लोटा उचलला आणि ताडताड चालत झुडपांकडे निघालो.

काय परिणाम झाला म्हणून सांगू! बोलणं थांबलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. बायकांनी पदर ओढून तोंडं फिरवली. माझा मेव्हणा गणपत तर एकाएकी आवळीच्या शेंड्याकडे पाहू लागला. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! दादाला कोठ्यात बसावं लागलं, तुझ्या नुसत्या चालीने गावाला घाम फुटला.

बोगद्याच्या तोंडाशी एका दगडावर मी रीतसर रुसून बसलो. वाट पाहिली. कोणी आलं नाही. मुंगळे आले. जागा बदलली. मग वाटलं, आपण फारच समोर दिसतोय, स्वस्तात सापडू. म्हणून चार पावलं आत गेलो. मग वाटलं, आता मुळीच दिसत नाही. म्हणून दोन पावलं बाहेर आलो. रुसायला बैठक लागते, आणि माझी बैठक कशी आहे ते माझ्या शाळेतल्या पोरांना विचारा. मास्तरची खुर्ची वर्षभर कोरी करकरीत राहायची!

बाहेर तर सामसूम. निदान एकदा 'जवाईबुवा' अशी हाक तरी? छे! म्हटलं, येतील तेव्हा येतील, तोवर खाण तरी पाहून घेऊ. खिशात काडीपेटी होती. (कोळशाच्या खाणीत काडी ओढू नये, ही माहिती मला पुढे मिळाली. तेव्हा ती नव्हती, म्हणूनच मी इतका धीट होतो.) रूळ धरून उतरत गेलो. भिंती काळ्याभोर, वर लाकडाचे टेकू, पायाखाली ओल. डावीकडे एक फाटा, उजवीकडे एक फाटा. मी काडी ओढायचो, दहा पावलं जायचो आणि 'आले वाटतं!' म्हणून धावत परत तोंडाशी यायचो. कोणीच आलेलं नसायचं. असं तीन-चार वेळा केल्यावर चांगली धाप लागली. इतकं धावणारा रुसलेला माणूस महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल.

पाचव्या खेपेला जरा जास्तच आत गेलो आणि काडी उंच धरली. वरचं छत हललं. ते छत नव्हतं, वटवाघळं होती! एकदम शेकडो अंगावरून फडफडत गेली. मी "शांते!" म्हणून ओरडलो (देवाचं नाव आठवायला हवं होतं, पण आठवलं ते हे) आणि पाय घसरून रुळांवर आपटलो. काडीपेटी डबक्यात पडली. लोटा हातातून सुटला आणि उताराने टण, टण, टण, टण करत निघाला. त्याच्या प्रत्येक ठोक्याला आतून चार-चार ठोके उत्तर देत होते. देवळात आरती सुरू आहे आणि आरतीत मी एकटाच आहे, असं वाटायला लागलं.

लोटा सासूबाईंचा. तो सोडून परत कसं जायचं? अंधारात चाचपडत त्याच्या मागे गेलो. रुळाला हात लागेना, वळलो तर भिंत, पुन्हा वळलो तर दुसरी भिंत. कुठल्या फाट्यात शिरलोय काही कळेना. कपाळाचा घाम पुसला, नाक पुसलं, आणि ज्या हाताने पुसलं त्याच हाताने पुन्हा भिंत चाचपली. मग एका जागी उभा राहून श्वास रोखला आणि तेवढ्यात ऐकू आलं,

"गुर्र्र..."

अस्वल! या जंगलात अस्वलांना तोटा नाही, आणि बंद बोगदा म्हणजे त्यांचं बांधून दिलेलं घर. मी दोन पावलं मागे सरलो. अस्वलही बरोबर सरलं. मी डावीकडे झालो, गुरगुर डावीकडे. खाली बसलो, तर ती नेमकी मांडीवर! जीव मुठीत धरून मी हात जोडले (ज्याने हात जोडून घ्यायचे, तोच जोडत होता) आणि म्हणालो, "भाऊ, मले सायकल नोको, घड्याळ नोको, काईच नोको. मले शांताले घेऊन घरी जाऊ दे."

त्यावर अस्वल जरा लांबलचक गुरगुरलं आणि मला उमज पडली की ते माझ्या पोटात आहे. सकाळपासून मी रुसवा चांगला वठावा म्हणून घासभरसुद्धा खाल्लं नव्हतं.

भीती गेली आणि रडू आलं. खरंच आलं. आपण इथेच राहणार, बाहेर सगळे जेवून बंड्या जुंपणार आणि शांता जन्मभर माहेरी राहणार, असं सगळं दिसायला लागलं. इतक्यात बोगद्याच्या वळणावर तांबूस उजेड आला. कोणीतरी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन येत होतं.

"कोन होय?" मी ओरडलो.

"मी होय. बोंबलू नोका, आवाजानं छत पडन."

शांता होती! एका हातात लाकूड, दुसऱ्या हातात वाटेत सापडलेला लोटा. तिने उजेड माझ्या तोंडापाशी आणला आणि दचकून मागे सरली. माझं तोंड कोळशाने किती काळं झालंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"कोनी काऊन नाई आलं?" मी विचारलं.

"येनार कसे? तुमी लोटा घेऊन झुडपात गेले! बाप्पा, लोटा घेऊन गेलेल्या जवायाच्या मांगं कोनी जात असते का? सारे माना खाली घालून बसले. मंग लोटा गडगडला. माय म्हने, जवाईबुवा भोवळ येऊन पडले, पोट लयच बिघडलं वाटते. बाकीच्याईले लाज वाटे, म्हून मले धाडलं."

मी तिच्या हातातल्या लोट्याकडे पाहिलं. त्याला भला मोठा पोचा आला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर लोटा दाखवून करून ठेवलं होतं.

शांताने लाकूड आणखी जवळ आणलं. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"आता खरं सांगा. बाहेर कोनीच जेवलं नाई. माय भरल्या पत्रावळीपाशी बसून हाये. पोट हाये, का रुसवा?"

रुसवा म्हणावं तर बायको गेली. पोट म्हणावं तर पाच-सहा घरांसमोर अब्रू गेली. मास्तर माणसाकडे अब्रूशिवाय दुसरं असतं काय? मामी त्या पत्रावळीपाशी उपाशी बसलेल्या डोळ्यांपुढे आल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

"पोट," मी म्हणालो.

त्याच क्षणी पोटानेही साक्ष दिली. "गुर्र्र!"

शांताने लाकूड खाली घेतलं. "आन सायकल?"

"कोनती सायकल?"

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "मंग चला. बाहेर गेल्यावर पोट धरजा. आन लंगडू नोका, पोट दुखनारा मानूस लंगडत नाई."

आम्ही बाहेर आलो. माझा तो काळा अवतार पाहून एक म्हातारी किंचाळली, दोन बैल दावं तोडून पळाले. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लाजाचं काय त्यात, जवाईबुवा? राजाचं बी पोट बिघडते. पन इतकं आत कायले जाचं? झुडूप काय कमी होतं?"

झाली सुरुवात! जो तो येऊन उपाय सांगू लागला. ओवा चावा, सुंठ चाटा, बेल खा. एका आजोबांनी तर सगळ्यांसमोर माझं पोट दाबून पाहिलं. गणपत हळूच म्हणाला, "भाऊजी, मी त पयलेच वळखलं होतं. तुमी उठले ना, तवाच तुमचं तोंड कसं झालतं!" तो माझा मेहनतीने आणलेला रुसलेला चेहरा होता.

मग पंगत बसली. मामी स्वतः माझ्यासमोर आल्या. चेहऱ्यावर माया नुसती ओसंडत होती. मी आशेने रोडग्याकडे पाहिलं. त्यांनी द्रोणात भाताची पातळ पेज ओतली आणि वर मिठाची चिमूट टाकली.

"तुमाले एवढंच सोसन."

दोन्ही बाजूंना लोक तुपात बुडवलेले रोडगे हाणत होते आणि मी मधे बसून पेज पीत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! समोर शांता वाढत होती. माझ्याजवळून तीन वेळा गेली, तिन्ही वेळा तिला पदर तोंडाला लावावा लागला.

दोन दिवसांनी आम्ही नागभीडला निघालो. आम्ही, म्हणजे दोघं. निरोप देताना मामाजींनी पुडकं हातात ठेवलं तेव्हा क्षणभर आशा चमकली. त्यात ओवा होता. मामींनी पोचा आलेला लोटाही सोबत दिला. "ठेवा, तुमच्या कामी पडन."

नागभीडला दादा उभाच होता. "सायकल?"

"शांता आली," मी म्हणालो.

पुढे सायकल मी घेतली, आपल्या पगारातून, आणि पहिल्याच पावसात ती खांद्यावर घेऊन शाळेत गेलो. सासरी मात्र माझं पोट कायमचं नाजूक ठरलं. मामाजी-मामी गेले, गणपतचीही नातवंडं मोठी झाली, पण आजही त्या घरात पाऊल टाकलं की माझ्यासाठी आधी पेज चढते. मी बोलत नाही. बोलायची सोयच नाही.

आणि आपल्या घरात तरी काय वेगळं आहे? मी जरा तोंड फिरवून बसलो की शांता एका शब्दाने 'काय झालं' म्हणून विचारत नाही. तोच पोचा आलेला लोटा काठोकाठ भरते आणि मुकाट्याने माझ्यापुढे आणून ठेवते.