मिलिंद पुन्हा लिहून राहिला

प्रोग्राम अडला की आम्ही सगळेच प्रश्नोत्तरांच्या साइटवर धावतो. जगात कुणीतरी आपल्याआधी त्याच खड्ड्यात पडलेलं असतं, त्याने रडगाणं गायलेलं असतं आणि लोकांनी उत्तरं दिलेली असतात. ज्या उत्तराला सगळ्यात जास्त मतं ते वर. ते उचलायचं, आपल्याकडे चिकटवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मिलिंद तायडे मात्र पान उघडलं की थेट तळाशी जायचा. ज्या उत्तराला लोकांनी उणे मतं देऊन पार लोळवलेलं असे, ते तो आधी वाचायचा, तेही ओठ हलवत. "वरचं तं कोणी बी वाचते लेका," तो मला म्हणायचा. "खालच्याले लोकायनं काहून पाडलं, थे समजलं म्हणजे आपल्याले समजलं." मग त्यातल्या एखाद्या ओळीवरून दुसरं पान, तिथून तिसरं. संध्याकाळी मी विचारलं की अरे, सकाळची चूक सापडली का, तर शांतपणे म्हणे, "सापडन ना. मी शिकून राहिलो."

हे "शिकून राहिलो" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. माणसाने शिकू नये असं माझं म्हणणं नाही. पण कधीतरी शिकून व्हावं की नाही?

अमरावतीला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. मी चांदूर रेल्वेचा, तो अकोटचा. पुढे मी पुण्यात नोकरी धरली, तिथे विटलो आणि परत आलो तो मिलिंदच्याच भरवशावर. अकोल्यात पंपांच्या दुकानावरची एक खोली घेऊन आम्ही दोघांनी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये यावं, माल उतरवून ती परत काट्यावर आली की रिकाम्या गाडीचं वजन वजा व्हावं आणि शेतकऱ्याच्या हातात छापील पावती पडावी. एवढंच. पहिलं गिऱ्हाईक अकोटचं एक जिनिंग. तिथे एक हंगाम नीट पार पडला तर आजूबाजूचे जिनिंगवाले आपण होऊन बोलावणार होते. नाही पडला तर मी पुण्याला परत जाणार, असं मी बायकोला कबूल करून बसलो होतो. मिलिंदला हे सगळं माहीत होतं.

त्याची शिकण्याची साधनं ठरलेली होती. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात एक म्हातारे प्राध्यापक फळ्यावर खडूने लिहून कॉम्प्युटर शिकवतात, त्यांची व्याख्यानं ह्याला तोंडपाठ. जेवताना डब्याशेजारी मोबाइल उभा करून तो ती पुन्हा पुन्हा बघायचा आणि त्यांना "आपले सर" म्हणायचा. कुठल्याही भाषेचं मॅन्युअल वाचायचं तर प्रस्तावना आणि आभारांसकट. मी एआयला विचारून घटकाभरात कोड मिळवला की हा माझी खुर्ची सरकवून त्यालाच उलट विचारणार, "हे तुले कोणं शिकवलं?" मग त्याने सांगितलेले लेख शोधत बसायचं आणि त्यातला एखादा मुळात कुणी लिहिलेलाच नाही असं निघालं की कौतुकाने मला दाखवायचं. "पाह्य. फेकून राहिला तुह्या दोस्त." मिलिंदचं बरोबर असायचं, हीच तर पंचाईत. चुकला असता तर मी मनमोकळं भांडलो तरी असतो.

आणि गंमत म्हणजे आमचं सॉफ्टवेअर वेळेआधी तयार झालं होतं. अकोटला जाऊन आम्ही काट्यावर ट्रॅक्टर चढवून पाहिला. वजन आलं, पावती आली, जिनिंगच्या शेठनी चहा पाजला. मी निर्धास्त मनाने आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चांदूरला गेलो. परत आलो तर मिलिंदच्या स्क्रीनवर भलतंच काहीतरी.

"हे काय आहे?"

"पुन्हा लिहून राहिलो. नव्या भाषेत."

"काय पुन्हा?"

"सगळंच," तो म्हणाला. "सरायच्या व्याख्यानात एक गोठ सापडली. दोन गाड्यायचं वजन एकाच टायमाले आलं तं आपला प्रोग्राम गडबडते."

"मिल्या, काटा एकच आहे. दोन गाड्या एकदम चढतील कशा?"

"आज एक हाये. उद्या शेठ दुसरा बसवन."

मी कपाळावर हात मारला. म्हणालो, अरे बाबा, चालत होतं ना ते? तर हा जरा दुखावल्यासारखा झाला. "चालणं अन् बरोबर असणं यात फरक हाये. जोपर्यंत बनून राहिलं तोपर्यंत थे आपलं हाये. एकडाव लोकायच्या हाती गेलं का मंग त्यातली चूक बी लोकायच्या हाती गेली." हे त्याने इतक्या कळवळून सांगितलं की जुना प्रोग्राम बसवायचं थांबवून मी त्याला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. कळवळा आला की माझी मती जाते.

दसरा झाला, जिनिंग सुरू झालं, नवा प्रोग्राम अर्धाच. शेठचा फोन आला. "भाऊ, गाड्या पार रोडवर लागल्या. मुनीम हातानं पावत्या फाडून राहिला. तुमचं होते, का दुसरा माणूस पाहू?" मी मिलिंदला उठवलं, लॅपटॉप काखोटीला मारला आणि आम्ही अकोटची बस धरली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत साक्षात मिलिंदचे मामा. "काहून रे बाबू, तुह्यं मशीन चालत नाई म्हणते?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मिलिंद खाली बघत आत आला. मी त्याच्या डोळ्यांदेखत जुना प्रोग्राम बसवला. त्याने अडवलं नाही. "त्यात चूक हाये," एवढंच म्हणाला. पहिली पावती आली, दुसरी आली, रांग हलली. मामा पावती खिशात घालून निघूनही गेले. मिलिंद मुनिमाच्या मागे स्टुलावर बसून राहिला. तो घरचं कुणी आजारी असल्यासारखा त्या स्क्रीनकडे बघत होता.

हंगाम पार पडला. आणखी जिनिंगवाल्यांनी बोलावलं, मी पुण्याला गेलो नाही. मिलिंद गेला, अमरावतीला, एका कॉलेजात शिकवायला. "इथं आता काय करू? चालूनच राहिलं," असं म्हणून त्याने त्याची खुर्ची भिंतीला लावली. मी त्याला थांब म्हणालो, पण तेही असं वैतागून, की कुणीही थांबलं नसतं.

यंदा ऐन हंगामात अकोटला काट्याचं यंत्र बदललं आणि वजन यायचंच बंद झालं. मी दिवसभर झटलो, एआयला छळलं, काही निघेना. शेवटी नाक मुठीत धरून मिलिंदला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने हजर. अंगाने सुटला होता, चष्मा आला होता. त्याने शांतपणे तारा पाहिल्या, यंत्राची पुस्तिका आभारांपर्यंत वाचली आणि माझा चहा संपायच्या आत वजन यायला लागलं.

मग तो प्रोग्राम वरपासून खाली वाचू लागला. ओठ हलायला लागले. हे लक्षण मला ठाऊक होतं. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मिल्या, हात लावू नको. हंगाम चालू आहे." आणि आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून कंबर कसून उभा राहिलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि माझ्या हातात दिला. "बराबर हाये तुह्यं," म्हणाला. "चालून राहिलं तं चालू दे."

मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. इतकी वर्षं मी मिलिंदकडे हेच एक मागत होतो, की बाबा, एकदा तरी माझं ऐक. त्याने ऐकलं. आणि मला त्याचा इतका संताप आला की बस हलेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.