तुलनेची गल्ली

आमच्या काकाला अख्खं विद्यापीठ 'बाटलीकाका' म्हणतं. नव्या माणसाच्या मनात भलतंच येतं, पण काका चहापलीकडे कशालाही शिवत नाही. तो पाणी-संशोधन विभागाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. वस्तीतल्या हातपंपावर जायचं, बाटली त्याच पाण्याने विसळायची, भरायची, झाकण घट्ट लावून बर्फाच्या पेटीत ठेवायची, हे खरं तर विद्यार्थ्यांचं काम. पण विद्यार्थी बदलत राहतात आणि काका तिथेच राहतो, म्हणून तेही त्याच्याच गळ्यात पडलंय. गाडीत मात्र त्याचं राज्य. चपला झटकून चढायचं, पेटीवर बसायचं नाही, आणि कुठल्याही विषयावर शेवटचं मत काकाचं. मत नाही असा विषय त्याला अजून भेटलेला नव्हता.

जुन्या कारखान्यामागच्या वस्तीत जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. आर्सेनिक म्हणजे सोमल, उंदरांना घालायचे तोच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी तळहात खरखरीत होतात, मग त्यावर गाठी येतात, आणि पुढचं डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात. विभागाच्या मॅडमनी पंपाला बसवायचा एक फिल्टर तयार केला होता. तो खऱ्या वस्तीत किती उपयोगी पडतो, हे त्यांना बघायचं होतं.

त्याच वस्तीत माझी आत्या राहते. काकाची थोरली बहीण. तिची गल्ली तिच्या शब्दाबाहेर नाही. आजी लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिचे तळहात तेव्हाच खरखरीत झाले होते.

काकाने मॅडमच्या मागे भुणभुण लावली. "मॅडम, आमच्या ताईची गल्ली घ्याच. माणसं चांगली आहेत, बोलावलं की येतील." गल्ली घेतली गेली. काका घरी पेढे घेऊन यायचा तेवढा बाकी होता. प्रयोगात नाव लागलं म्हणजे फिल्टर लागला, असंच त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं.

मग चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या गल्ल्यांना फिल्टर आधी, उरलेल्यांना दोन वर्षांनी. मधल्या काळात त्यांच्याशी तुलना करायची. आत्याची गल्ली तुलनेत गेली.

काका दोन दिवस जेवला नाही. मॅडमनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं, की पाणी वाईट आहे, दुसरीकडून आणता आलं तर जरूर आणा, कुणावर सक्ती नाही. फक्त जो दुसरं पाणी पिईल त्याची नोंद तुलनेत धरता येणार नाही. आणि फार जण गळाले तर ती गल्लीच वगळावी लागेल. गल्ली वगळली की पुढचा फिल्टरही गेला. यात कुणाचं चुकलं ते मला अजून सांगता येत नाही, आणि माझा संताप होतो तो त्याचाच.

काका दर रविवारी सायकलला दोन कॅन बांधून चढ चढायचा.

"ताई, हे पी. कोण बघतंय?"

"अरे, मीच लबाडी केली तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने थांबवू? शेजारणीचं बाळ लहान आहे, त्याला देते. मी काय, पिकलं पान."

"पिकलेलं पान म्हणून कोणी मुळाशी विष घालतं का?"

"तुझं पाणी तुझ्यापाशी. चहा घेणार का? तो मात्र आमच्याच पंपाचा आहे."

काका तो चहा प्यायचा. तिच्यासमोर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

दोन वर्षांत तिच्या तळहातांवर गाठी आल्या. भांडं हातात धरवेना. तुलना मात्र अगदी स्पष्ट निघाली. फिल्टरच्या गल्ल्यांत लोकांच्या नखांत साठणारं विष उतरलं, आत्याच्या गल्लीत चढलं. विभागात अभिनंदन झालं, आणि निधी संपला. पुढचे फिल्टर कुणी करायचे, यावर विद्यापीठ नगरपालिकेकडे बोट दाखवायचं आणि नगरपालिका विद्यापीठाकडे. आत्याच्या गल्लीच्या तोंडाला पानं पुसली गेली. काका भांडायला मॅडमच्या खोलीत गेला, तर मॅडमच रडत बसलेल्या. रडणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? त्याने त्यांना पाणी आणून दिलं आणि तो बाहेर आला.

गेल्या महिन्यात नवा कार्यक्रम आला. नवे सर, नवी मुलं, गाडी आणि ड्रायव्हर तेच. मी त्या दिवशी आत्याकडेच होते. सरांनी नम्रपणे सांगितलं, "आजी, या वेळी आणखी चांगला फिल्टर आहे. पण आधी एक वर्ष नुसत्या नोंदी. तोवर पाणी हेच प्यावं लागेल. तुमची मर्जी असेल तरच सही करा." आत्या नाही म्हणाली असती तर गल्लीत कुणीच सही केली नसती, आणि फिल्टर पुन्हा हुकला असता. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

आत्याने दारात उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं. "तू सांग रे. करू का?"

मला वाटलं, आता हा बोलेल. गाडीत, घरात, लग्नात, मयतात, जो कधी गप्प बसला नाही तो माणूस. काकाने तिच्या हातांकडे बघितलं, मग रांगेत उभ्या शेजारणीकडे आणि तिच्या कडेवरच्या बाळाकडे.

"मला नाही माहीत, ताई," तो म्हणाला. "मला खरंच काही कळत नाही गं."

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "तू आहेस ना यांच्यात, मग झालं." आणि तिने पेन मागितलं. ते तिच्या बोटांत राहीना, तेव्हा काकानेच पुढे होऊन तिचा हात धरला आणि सही करवून घेतली.