अंतिम निकालाच्या अधीन राहून

बारावीनंतर ठरावीक वर्षं उलटली की कॉलेजच्या संघातून खेळता येत नाही, असा नियम आहे. माझी त्यातली दोन वर्षं लग्नात आणि बाळंतपणात गेली. माणमधून कुपवाडला सून होऊन आले, सांगलीच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं, कबड्डीच्या संघात निवडही झाली, आणि मग कळलं की मी अपात्र. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासूबाई म्हणाल्या, "पोर झालं म्हंजी पाय मोडत्यात व्हय गं? जा कोर्टात. लेकराचं मी बघती."

गेले. साताऱ्यात संघासोबत नुसती बाकावर बसून होते; अंतिम सामन्याच्या सकाळी वकिलांचा फोन आला. न्यायालयानं खेळायची परवानगी दिली होती, पण अंतिम निकालाच्या अधीन राहून. म्हणजे पुढे मी खटला हरले, तर संघाचं विजेतेपदही जाणार.

मी नाचतच मुलींच्या खोलीत शिरले. कुणी हसलं नाही. कर्णधार माझ्याहून लहान, खाली बघत म्हणाली, "ताई, तू केस हरलीस तर आमची बी पदकं जातील. पोलीस भरतीला तेवढाच आधार हाय आमाला."

"मग घरी जाऊ? लगीन केलं, पोर झालं, ह्यो माझा गुन्हा हाय व्हय?" मी कडाडले. एकीला रडू फुटलं. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं याचा त्याहून जास्त.

कर्णधारानं रडणारीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "उतर. पण हातचं राखून खेळू नको."

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागे होतो. मध्यरेषा ओलांडताना मनात पाप आलं: हरलो, तर माझ्यामुळे कुणाचंच काही जाणार नाही. तेवढ्यात कोपऱ्यातलीनं घोटा धरला, दुसरीनं कमरेला मिठी मारली. मग कसला विचार! दोघींना ओढत रेषेला हात टेकवला.

एका गुणानं जिंकलो. पदकं घेऊन मैदानाबाहेर येताच कर्णधारानं गळ्यातलं पदक काढून माझ्या हातात दिलं. "केस संपंस्तवर तुझ्यापाशीच ठेव. मिरवून परत द्यायला लागलं, तर सोसायचं न्हाई मला." बाकीच्यांनीही दिली. मी ती सगळी रुमालात बांधून घेतली.

तारखा पडतात, पुढे जातात. भरतीची जाहिरात निघाली की कर्णधाराचा फोन येतो. "ताई, लागला का गं निकाल?"

मी नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते.