गिरीजच्या वाडीतलं टेनिस

आमच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक सर गिरीजला राहतात. त्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडणार नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगू शकते, कारण त्यांना ते मान्य आहे. घरची नारळाची वाडी असून ते नारळाच्या झाडाखालून जात नाहीत. फाटकापासून ओट्यापर्यंतची दोन मिनिटांची वाट ते झाडं चुकवत, नागमोडी वळणं घेत पाच मिनिटांत संपवतात. फुलपाड्याला माझ्या घरी आले तेव्हा लिफ्टला घाबरून चार मजले चढले आणि वर आल्यावर खिडकीला घाबरून स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. वर्गात मुलांनी कंपास उघडला की सर दोन पावलं मागे सरकत. चित्रं मात्र अशी काढत की फळ्यावरचा कोंबडा पुसायला पुढच्या तासाच्या शिक्षकांचा हात धजत नसे. गणिताच्या तासाला येणारी ती शिक्षिका म्हणजे मीच.

या माणसाकडे जिच्यासाठी घाबरावं अशी सर्वात मोठी वस्तू होती ती म्हणजे अकरा फोटो. सरांचे वडील मुंबईला एका जिमखान्यात रॅकेटच्या तारा ओवायचं काम करत. तिथल्या साहेबांनी टाकून दिलेल्या रॅकेट आणि केस झडलेले चेंडू ते गावी आणत. केळीच्या दोन बागांमधली जमीन चोपून, शेणाने सारवून, चुन्याच्या रेघा मारून त्यांनी वाडीत टेनिसचं मैदान केलं. कोळीवाड्यातून मासे धरायचं जुनं जाळं आणून मध्ये बांधलं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सगळं घर खेळायला उतरे. जिमखान्यातला कुणी साहेब एकदा कॅमेरा घेऊन आला आणि त्याने हे सगळं टिपलं. लाल लुगडं नेसलेल्या बायका पदर खोचून चेंडूमागे धावताहेत, धोतरातले आजोबा जाळ्यात अडकलेत, आणि पांढऱ्या झग्यातले फादर नारळ उतरवायच्या शिडीवर बसून निवाडा देताहेत. असे फोटो मी दुसरे कुठे पाहिले नाहीत.

ते बघायला मिळणं सोपं नव्हतं. फोटो बिस्किटांच्या डब्यात, डबा तांब्याच्या हंड्यात, हंडा कपाटात आणि कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाळवी, कसर, पाल, दमट हवा आणि पाहुणे यांची सरांना सारखीच भीती. पावसाळ्यात डबा उघडायचा नाही. उन्हाळ्यात बघणाऱ्याच्या बोटांना घाम असतो म्हणून उघडायचा नाही. उरला जानेवारी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला साबणाने हात धुवायला लावले, पंख्याखाली दहा मिनिटं बसवलं आणि मग तळहातांवर पावडर टाकली. एकदा सर फोटोंच्या प्रती काढायला स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले, तर यंत्रातून सरकणारा तो हिरवा उजेड बघूनच परत फिरले. त्या उजेडाने चेहरे उडतील, असं त्यांचं म्हणणं. वाडीत पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी ते डबा छातीशी धरून दिवसभर माळ्यावर बसले होते. वहिनी म्हणजे त्यांची बायको खाली गुडघाभर पाण्यात गॅसचा सिलेंडर पकडून उभ्या. ही हकीकत वहिनी अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि शेवटी शांतपणे विचारतात, “मला वर घ्यायचं यांना सुचलं नाही, त्याचं काय करायचं?”

अकरातला एक फोटो सर नेहमी शेवटी दाखवत. एक बाई रॅकेट डोक्याच्या वर उगारून उभी, मान मागे टाकलेली, तोंडभर हसू. ही माझी आई, सर म्हणत. सर वर्षाचेही नव्हते तेव्हा ती तापाने गेली. वडील तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि हे एक चित्र सोडून तिचं घरात काही नव्हतं. अशा वाघिणीच्या पोटी आपण जन्मलो आणि आपल्याला सुईचीसुद्धा भीती वाटते, याची सरांना मनापासून लाज वाटे. त्याच फोटोत जाळ्याच्या पलीकडे आणखी एक बाई होती. तिने रॅकेट तोंडासमोर धरलेली आणि तारांमागे डोळे घट्ट मिटलेले. तिच्यावर सर हमखास हसत. एवढं भ्यायचं तर मैदानात यायचं कशाला, म्हणत.

गेल्या वर्षी चर्चच्या सणाला गावातले जुने फोटो मांडायचं ठरलं. फोटो काचेखाली ठेवू, कुणी हात लावणार नाही, असं फादरांनी स्वतः येऊन सांगितलं. अट एकच, प्रत्येक माणसाचं नाव खाली लिहायचं. नावं सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. सरांची आत्या, वटारला दिलेली, नव्वदी ओलांडलेली, महिनाभर अंथरुणाला खिळलेली. वहिनी रोज म्हणत, जाऊन या, नंतर विचारायला कुणी राहणार नाही. सर रोज काहीतरी कारण काढत. शेवटी मी स्कूटर घेऊन दारात उभी राहिले. डबा आम्हा दोघांच्या मध्ये ठेवून सर मागे बसले आणि गिरीज ते वटार “जरा हळू, बाई” एवढंच बोलत राहिले. वाटेत एका वळणावर त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. मला वाटलं, चक्कर आली. पण ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “बाई, आई ती आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही. आठ वर्षांचा असताना मीच ठरवलं. नंतर कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.”

तेव्हा मात्र मलाही भीती वाटली. परत वळू या का, असं मी विचारलं. त्यांनी मध्ये ठेवलेला डबा सावरून धरला, तेव्हा मी स्कूटर पुढे काढली.

अंथरुणाला खिळल्यापासून आत्यांची दृष्टीही गेलेली आहे हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. फोटो दाखवायचे कुणाला? सर क्षणभर सुटल्यासारखे दिसले. पण आत्यांनी हात पुढे करून सांगितलं, तू बघ आणि मला सांग. मग सर एकेक फोटो हातात धरून बोलू लागले. कोण वाकलंय, कुणाच्या डाव्या हातात रॅकेट आहे, कुणाचं पोट धोतराबाहेर आलंय. आत्या ऐकत आणि आपल्या बोलीत नावं घेत. निम्मं मला समजत नव्हतं, पण मी वहीत लिहून घेत होते. दहा फोटो झाले. अकरावा सरांनी माझ्या हातात दिला.

त्यांनी त्या हसऱ्या बाईचं वर्णन केलं. आत्यांनी विचारलं, पायात काय आहे? सरांनी इतक्या वर्षांत पायांकडे कधी पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, एका पायात चप्पल आहे, दुसरा उघडा.

“मग ती मी रे,” आत्या म्हणाल्या. “चप्पल तुटली होती माझी.”

सर आता डबा बंद करतील, असं मला वाटलं. फोटो धरलेल्या माझ्या हाताला घाम फुटला होता, आणि त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी अगदी हळू विचारलं, “आणि आई?”

“जाळ्याच्या पलीकडे बघ. डोळे मिटून असेल. चेंडूला फार भ्यायची ती. पण पळाली नाही कधी. चेंडू आला की डोळे मिटायची आणि उभी राहायची.”

सरांनी माझ्या हातातून फोटो घेतला आणि खिडकीपाशी, उजेडात नेला. त्या तारांमागचा चेहरा ते किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. परत येताना वाटेत ते मला हळू चालवा म्हणाले नाहीत.

सणाच्या दिवसांत फोटो काचेखाली लागले. सर तिन्ही दिवस खुर्ची टाकून शेजारी बसले होते, कुणी काचेवर टेकू नये म्हणून. मिटल्या डोळ्यांची ती बाई बघून कॉलेजची काही मुलं हसली, तेव्हा तेही हसले आणि ही माझी आई, असं त्यांनी सांगितलं.

पुढे दोनच महिन्यांनी आत्या गेल्या. त्यांची माती आटोपून परतल्यावर सर मला वाडीत घेऊन गेले. मैदानाच्या जागी आता केळी आहेत, रेघ कुठली न् कोपरा कुठला, काही कळत नाही. सर दोन्ही टोकांना जाऊन उभे राहून आले. मग म्हणाले, “आई कुठल्या बाजूला उभी असायची, तेवढं विचारायचं राहिलं.”

मी त्यांच्याबरोबर थोडा वेळ तिथेच थांबले. केळीच्या पानांमधून वारा येत होता.