खिडकीच्या गजाला हात

संगणकाचे झाकण उघडण्यापूर्वी मारोतराव आमच्या खिडकीच्या लोखंडी गजाला तळहात लावून क्षणभर स्तब्ध उभे राहत. पहिल्या दिवशी मला तो नमस्काराचाच एखादा प्रकार वाटला. माझ्या पत्नीने मात्र विचारलेच, "मारोतराव, देवघर इकडे आहे. खिडकीला कसला नवस बोलता?"

"व्हय काकू, नवसच!" ते हसले. "अंगातली वीज आधी ह्या गजाला देऊन टाकायची. नसता मशीनमधला एखादा भाग बसल्या जागी मरतो."

जवळा बाजार या गावी त्यांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केले, हिंगोलीत आल्यावर टीव्ही, आणि उतारवयात संगणक. शिक्षण सातवीपर्यंत. "मी काय शिकलो न्हाई, गुरुजी. हाताला समजतं तेवढंच मला समजतं," असे ते म्हणत. बिघडलेल्या यंत्रावर कोणी चिडलेले त्यांना खपत नसे. "त्याला बी तकलीफ असते. बोलता येत न्हाई, इतकंच."

माझ्या दिवंगत गुरूंनी केलेले उपनिषदांचे विवरण मी निवृत्तीनंतर संगणकावर उतरवत होतो. यंत्र मंद झाले, तेव्हा त्याची स्मृती वाढवण्यासाठी रॅमची एक नवी पट्टी बसवावी, असे मारोतरावांनी सुचवले. ती नांदेडहून आमच्या घरी आली. आमच्याकडे नवी वस्तू, मग ते पुस्तक असो वा विळी, पूजेवाचून वापरात येत नाही. पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती. तेच तिचे मुख समजून मी तिथे गंध लावले, अक्षता वाहिल्या, आणि मारोतराव येण्यापूर्वी रेशमी वस्त्राने ती पुसून ठेवली.

त्यांनी ती बसवली. त्याच दुपारी अर्धे पान लिहून होते न होते तोच पडदा निळा झाला आणि सारे थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. लिहिलेले गेले ते गेलेच.

मारोतराव महिनाभर येत राहिले. प्रत्येक वेळी आधी गजाला हात, मग काम. त्यांनी पंखा साफ केला, वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला, विंडोज नव्याने भरले. नवी पट्टी काढली की यंत्र निमूट चाले. लावली की कोसळे. पट्टीच सदोष असावी, म्हणून दुसरी मागवली. तिचीही मी यथासांग पूजा केली. तिनेही तेच केले.

"दोन्ही पट्ट्या खराब कशा निघतील, गुरुजी? खराब मीच. बसवताना माझ्याच हातानं आतला बोर्ड दुखावला."

"हे कशावरून म्हणता?"

"बाकी सगळं बराबर हाय ना! मग बंद काहून पडून राहिलं?" त्यांनी आपले दोन्ही तळहात न्याहाळले. "जिंदगीभर ह्यांच्यावर चाललं. आता हात गेला."

पुढच्याच आठवड्यात दुकान बंद करून ते साखऱ्याला लेकीकडे राहायला गेले.

काही महिन्यांनी शाळेतील संगणक सांभाळणाऱ्या एका बाईंना मी यंत्र दाखवले. त्यांनी पट्टी काढून खोडरबराने तिचे दात घासले, आणि खोडरबर नाकाशी नेले. "काका, ह्याला चंदनाचा वास कसा येऊन राहिला?"

मी त्यांना पूजेचे सांगितले. गंधाचा अदृश्य लेप दातांवर होता, तसाच पट्टी बसते त्या आतल्या खाचेतही उतरला होता, आणि त्यामुळे दोघांचा संपर्क तुटत होता. बाईंनी दोन्ही स्वच्छ केले. त्यानंतर यंत्र एकदाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी साखऱ्याला गेलो. मारोतराव लोखंडी खाटेवर पडून होते. "लकव्याचा झटका आला, गुरुजी," लेक म्हणाली. "बोलणं न्हाई, हालणं न्हाई. ऐकू येतं का, ते आमाला बी समजंना."

मी त्यांच्या कानाशी वाकून सारे सांगितले. पूजा सांगितली, गंध सांगितले. "तुमचा हात गेला नव्हता, मारोतराव. दोष माझा होता." डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. मी पुन्हा सांगितले, अधिक मोठ्याने.

मग मी त्यांचा उजवा हात उचलला आणि तळवा खाटेच्या लोखंडी दांडीवर टेकवला. मी ठेवला तसाच तो तिथे राहिला.